अप्पांच्या जीपची उंची

आमची जीप गॅरेजमधून परत आली त्या दुपारी मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. आधी आवाज आला. गावाबाहेरच्या वळणावर कुणी फटाक्यांची माळ लावली असावी, असा. शेळीनं दावं तोडलं आणि ती न्हाणीत जाऊन उभी राहिली. मग दिवे दिसले. लख्ख ऊन पडलेलं असताना टपावरची दिव्यांची पट्टी पेटलेली होती, आणि तिच्याखाली काचेवर आमच्या आडनावाची अक्षरं एवढी मोठी चिकटवली होती की चालवणाऱ्याला रस्ता दिसायला फटच उरली होती.

जीपमधून एरवी माणूस उतरतो. माझ्या धाकट्या भावानं खाली उडी मारली.

"कसंय, अक्का?"

मी जीपभोवती एक फेरी मारली. जीपला दारं नव्हती. चाकं माझ्या कमरेला लागत होती. पुढं रेड्याच्या शिंगांसारखा लोखंडी बंपर, त्यावर अडकलेली गाडी ओढून काढायचं, तार गुंडाळलेलं विंच, आणि बॉनेटच्या बाजूनं एक काळं नळकांडं टपापर्यंत गेलेलं. पाण्यातून जाताना इंजिनाला वरून हवा मिळावी म्हणून ते बसवतात, असं भावानं सांगितलं. आमच्या ओढ्याला गुडघ्याच्या वर पाणी क्वचित येतं, आणि आलं तर शहाणा माणूस काठावर थांबतो. मागं अप्पांनी बसवून घेतलेले समोरासमोरचे बाक गेले होते. त्यांच्या जागी जाड पाइपांचा पिंजरा होता. पुढं दोन खोलगट सीटा, लाल शिलाईच्या, शर्यतीच्या गाडीत असतात तशा.

"अप्पा कुठून चढायचे?" मी विचारलं.

"चढतेत की. आपुन चढवू."

"पाय ठेवायची पायरी कुठंय?"

"ती काढावी लागती. खाली दगडाला लागती ना. ऑफरोडला पायरी ठेवत न्हाईत, अक्का."

माय दारात आली होती. तिनं जीप पाहिली, तोंडाला पदर लावला आणि आत निघून गेली. अप्पा पडवीत खाटेवर बसले होते. पावसाळ्यात त्यांना लकवा झाला होता. उजवा हात आणि पाय लुळे पडले, आणि तोंड डावीकडं ओढलं गेलं ते तसंच राहिलं. ते बराच वेळ जीपकडं बघत होते. मग जड जिभेनं म्हणाले, "कुनाची गाडी हाय?"

भाऊ हसला. त्याला ती थट्टा वाटली.

ती जीप अप्पांनी एका सरकारी खात्याच्या लिलावातून आणली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. आमचं गाव बीदर जिल्ह्यातल्या भालकी तालुक्यात, तिथल्या मेहकरच्या बाजूला. डांबरीवरचं हे घर अलीकडचं. तेव्हा आम्ही ओढ्यापलीकडं शेतातच राहायचो. शेतापासून डांबरीपर्यंतची वाट निव्वळ काळ्या मातीची. ही माती पाऊस पडला की माणसाला धरून ठेवते, चप्पल काढून घेते, सायकलीचं चाक जाम करते. बीदरकडच्या लोकांना हे सांगून कळत नाही. त्यांच्याकडं तांबडी जमीन, पाऊस थांबला की वाट मोकळी.

अप्पांच्या जीपची चाकं अरुंद होती. अरुंद चाक चिखल कापत खालच्या मुरमापर्यंत जातं आणि तिथं त्याला टेका मिळतो. रुंद चाक चिखलावर पसरतं, माती अंगाला लावून घेतं आणि थोड्याच वेळात त्याचा नुसता गोळा होतो. ही काही मोठी विद्या नाही. आमच्या वाटेवरून सायकल ढकललेल्या कुणालाही ती येते. भावालाही येत होती, तो त्याच वाटेवर मोठा झाला. म्हणूनच मला राग येण्याच्या आधी शिसारी आली. न कळून चूक झाली असती तर मी समजावून सांगितलं असतं. मी शिक्षिका आहे, समजावणं हे माझं कामच आहे. पण कळत असून एखाद्यानं दिखाऊ गोष्ट निवडली, तर त्याला काय समजावायचं?

त्या जीपच्या बाकांवर काय काय बसून गेलं असेल. दुधाचे कॅन, खताची पोती, बाळंतपणाला निघालेल्या बायका, नवऱ्यामुली, आजारी म्हशीचं पारडू. आणि रोज सकाळी मी. अप्पा मला डांबरीपर्यंत सोडायचे, तिथून बसनं मी आधी खटकचिंचोळीला शाळेत आणि पुढं भालकीला कॉलेजात जायचे. पायाखाली ते कोरडी गोणी अंथरायचे. माझ्या बुटांना चिखल लागलेला त्यांना चालत नसे. "मास्तर म्हनतील, रानातून आली," असं म्हणायचे. स्वतः ते अनवाणी असायचे आणि पायाला पोटरीपर्यंत माती असायची. आमच्या घराण्यात डिग्री घेतलेली मी पहिली. आज आळंद तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते ते त्या बाकामुळं, असं मी म्हणते तेव्हा ऐकणाऱ्याला ती बोलायची पद्धत वाटते. मला ते शब्दशः म्हणायचं असतं. ती जीप नसती तर पावसाळ्याचे महिने माझी शाळा बुडाली असती, आणि ज्या मुलीची शाळा दर पावसाळ्यात बुडते तिचं पुढं काय होतं ते माझ्या वयाच्या मैत्रिणींकडं बघून मला कळतं.

लकव्यानंतर अप्पांनी कशाचा हट्ट धरला नाही. कडू औषध घेतलं, न्हाऊ घालून घेतलं, दुसऱ्याच्या हातून जेवले. मागितली एकच गोष्ट. "येळवसला मला शेतात न्या. अंबील मी शिंपडनार."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या सीमेवरच्या गावांत दिवाळीपेक्षा तिचं महत्त्व जास्त. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोपी करतात, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतात, पूजा करतात आणि सगळं गाव आपापल्या रानात जेवतं. ताटात हिरव्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि मडक्यातली ताकाची अंबील. पूजा झाली की शेताचा धनी पिकाच्या कडेनं फिरत अंबील शिंपडतो. ज्यानं पेरलं त्यानं पिकाला खाऊ घालायचं, असा त्याचा अर्थ. अप्पांनी ते एकदाही चुकवलं नव्हतं. "उजवा गेला तर गेला, डावा हात हाय की," ते म्हणायचे.

पण त्यांना न्यायचं कसं? उसाचा हंगाम, गावातले सगळे ट्रॅक्टर कारखान्याच्या रांगेत. बैलं आम्ही कधीच विकली होती. मोटारसायकलवर त्यांचा तोल राहत नव्हता. राहिली जीप. ती बरेच महिने गोठ्यापाशी उभी होती, क्लच धरत नव्हता.

"मी बीदरहून करून आनतो," भाऊ म्हणाला होता. "अप्पाला राजावानी नेतो, बग."

आम्हाला वाटलं, क्लच आणि ब्रेक.

भाऊ वाईट नाही. तो हुमनाबादकडं प्लॉटच्या खरेदीविक्रीत असतो. अप्पा दवाखान्यात होते तेव्हा सगळं त्यानंच केलं, मी रजा संपवून परत गेले तरी तो तिथंच होता. हे मी लिहिते, कारण ते खरं आहे. पण प्लॉटच्या धंद्यात त्याला जे दोस्त मिळाले त्यांच्याकडं अशा उंच केलेल्या गाड्या आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी ते त्या माळावर, खाणीत, ओढ्यात घालतात आणि त्याचे व्हिडिओ काढतात. ज्यांच्या दारापर्यंत सिमेंटचा रस्ता आहे त्यांना चिखलाची एवढी हौस का असावी, हे मला कळत नाही. आम्ही आयुष्यभर त्या चिखलातून बाहेर पडायला धडपडलो.

दुसऱ्या दिवशी मी भावाबरोबर बीदरच्या त्या गॅरेजला गेले. जुने बाक परत मागायचे होते, निदान एक. जाताना डांबरीवर ती जीप कशी चालते ते समजलं. चाकं घूं घूं करत होती, आणि स्टेअरिंग सरळ धरलं तरी गाडी दारू पिलेल्या माणसासारखी कडेला जात होती. भालकीच्या चौकात भावानं मुद्दाम वेग कमी केला आणि पाय दाबून सायलेन्सरमधून बार काढले. भाजी विकणाऱ्या एका म्हातारीनं दोन्ही कान धरले. कॉलेजची पोरं हात वर करून ओरडली. भावाच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान पसरलं ते मी पाहिलं, आणि मला मान वळवावी लागली. त्याच चौकातून अप्पा मला कॉलेजात पहिल्यांदा घेऊन गेले होते. जीप लांब झाडाखाली लावून ते म्हणाले होते, "इथून चाल तू. गाडी लई मळलीय."

गॅरेजवाल्या उस्तादाला आपल्या कामाचा मोठा अभिमान होता. स्प्रिंगांच्या खाली ठोकळे कसे घातले, पिंजरा कसा जोडला, ते त्यानं मला हात लावून दाखवलं.

"गाडी नै मॅडम अब वो, शेर है शेर. सडक पे भी चलती, जंगल में भी चलती."

"त्या शेरावर लकवा झालेला माणूस बसवायचा आहे," मी म्हणाले.

"तो स्टूल रखो ना. कायकू टेन्शन लेरे?" तो हसला आणि भावाकडं वळला. "बहन टीचर है ना तुमारी? समझ गया मैं."

आमचा बाक दुकानाबाहेर भिंतीला लावून ठेवला होता. गिऱ्हाइकं त्यावर बसत होती, आणि कडेला पानाच्या पिचकाऱ्या होत्या. मी तो ओळखला, कारण मधे फाटलेल्या जागी मायनं माझ्या शाळेच्या निळ्या स्कर्टचं ठिगळ लावलेलं होतं. त्यावर एक माणूस पाय पसरून फोनवर बोलत होता. मी त्याला उठायला सांगितलं. त्यानं विचारलं, "क्यों?" मी म्हणाले, "आमचं आहे." तो उठला, पण माझ्याकडं असं बघत की जणू मी भांडकुदळ बाई आहे. असेन. तो बाक आम्ही पिंजऱ्यात बांधून घरी आणला, मी राखेनं आणि गरम पाण्यानं घासला, आणि पडवीत ठेवला. अप्पांनी त्यावर डावा हात फिरवला. दुसऱ्या दिवसापासून खाटेऐवजी त्यावर बसू लागले.

येळवसच्या आधी अवकाळी पाऊस झाला. फार नाही, पण काळ्या मातीला पुरेसा. तरी अप्पा म्हणाले, "वाट नुसती वली हाय. उद्यापतोर वरून सुकंल. हळू घेतलं तर जाती गाडी."

ते बरोबर होतं, पण वाट तशी राहिली नाही. संध्याकाळी भावाचे दोस्त आले. येळवसला वाटसरूलाही हाक मारून जेवू घालतात, त्यामुळं पाहुणे बोलावण्यात काही गैर नव्हतं. ते मुक्कामाला आले आणि चिखल बघून त्यांना राहवलं नाही. आमच्या त्या एकुलत्या वाटेवर त्यांनी आपल्या गाड्या घातल्या. पुढं घ्यायच्या, मागं घ्यायच्या, जागेवर चाकं फिरवायची, आणि चिखल जितका उंच उडेल तितकं ओरडायचं. आरडाओरडा ऐकून मी गेले तेव्हा ओढ्याच्या अलीकडं वाटेच्या दोन खोल नाल्या झाल्या होत्या आणि त्यांत पाणी साचलं होतं. बांधावर चिप्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या आणि इतर बाटल्या. एकजण ओढा ओलांडून आमच्या हरभऱ्यात उभा राहून लघवी करत होता. ज्या पिकाला उद्या अंबील शिंपडायची होती त्यात.

"उद्या अप्पाला ह्याच वाटेनं न्यायचंय," मी भावाला म्हणाले.

"त्याच्यासाठीच तर बनवलीय गाडी, अक्का. असल्या वाटेसाठीच."

मी घरी आले, आणि ज्या हातांनी त्यांच्यासाठी भाकरी थापायच्या होत्या ते हात परत परत धुतले.

सकाळी माय आणि शेजारच्या बायका डोक्यावर टोपल्या घेऊन बांधाबांधानं चालत पुढं गेल्या. अप्पांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली. शिंपडायच्या अंबिलीचं लहान मडकं माझ्याकडं दिलं आणि म्हणाले, "सांडू नको."

मग त्यांना चढवायचा कार्यक्रम झाला. आधी खुर्ची लावली, ती पुरली नाही. मग पिंप आडवं केलं. भावानं काखेत हात घालून वर ओढलं, एका दोस्तानं खालून ढकललं. लुळा पाय मधेच लटकत राहिला. धोतर कडेच्या एका बोल्टाला अडकून फाटलं आणि अप्पांची मांडी सगळ्यांसमोर उघडी पडली. त्यांनी डाव्या हातानं ती झाकायचा प्रयत्न केला, पण त्याच हातानं त्यांना दांडी धरायची होती. दुसरा दोस्त समोर फोन धरून उभा होता.

"अप्पा, इकडं बघा. स्माईल."

शेवटी त्यांना त्या खोलगट सीटमध्ये कोंबलं आणि छातीवरून जाड पट्टे आवळले. त्यांची मान पट्ट्यांच्या वर कोंबड्यासारखी निघालेली दिसत होती. मी मागं पिंजऱ्यात, एका हातानं पाइप धरून, पोटाशी मडकं घेऊन. भावानं गाणं लावलं.

"ते बंद कर," अप्पा म्हणाले. ते त्याला ऐकू गेलं नाही.

ओढ्याच्या अलीकडं, जिथं आदल्या संध्याकाळी खेळ झाला होता, तिथं जीप अडकली. मला आश्चर्य वाटलं नाही. रुंद चाकांना माती चिकटत गेली, खाचा बुजल्या, चाकं काळ्या गुळगुळीत गोळ्यांसारखी झाली आणि जागेवर फिरायला लागली. भावानं पाय दाबला. दारं नव्हतीच. चिखल चाकावरून उडाला आणि अप्पांच्या धोतरावर, सदऱ्यावर, ओढलेल्या तोंडावर आला.

"पाय काढ," अप्पा म्हणाले. "खाली जायलीय ती. कामून दाबायलास?"

इंजिन बंद पडलं. मग विंच. तार बांधावरच्या बाभळीला बांधली. विंच एकदा कण्हलं आणि थांबलं. सकाळपासून दिवे चालू होते, वर गाणं लावलेलं, बॅटरी बसली होती. दोस्तांच्या गाड्या डांबरीवरच उभ्या होत्या. त्यांनी कालच धुऊन काढल्या होत्या, आज त्यांना त्या चिखलात घालायच्या नव्हत्या.

आवाज बंद झाला तेव्हा आजूबाजूच्या रानांतून बायकांची गाणी ऐकू आली. शेजारचा शेतकरी आपल्या कोपीकडून चिखल तुडवत आला. त्यानं जीपकडं पाहिलं आणि भावाला काही न विचारता अप्पांना म्हणाला, "अप्पा, बाज आनतो. चौघं मिळून उचलू. नेतो तुमाला."

अप्पांनी मान हलवली. "बाजंवर जायचं एकदाच असतंय. त्या दिशी या, उचला. आज न्हाई."

दोस्तांपैकी एकजण उशिरा हसला.

थोड्या वेळानं अप्पांनी मला डाव्या हातानं खुणावलं. मी वाकले. "लघवी आलीय," ते हळू म्हणाले. खाली उतरवावं तर परत चढवता आलं नसतं, आणि त्या चिखलात त्यांचा पाय टिकला नसता. मी सगळ्यांना लांब जायला सांगितलं. फोनवाला तिथंच घुटमळत होता, त्याच्या फोनवर मी हात ठेवला तेव्हा तो गेला. बांधावरची एक रिकामी बाटली उचलली, शेजाऱ्याच्या विळ्यानं तिचं तोंड कापलं. भावानं पट्टे सोडले आणि अप्पांना धरलं, मी पदराचा आडोसा केला आणि मान दुसरीकडं वळवली. लाल शिलाईच्या सीटवर थोडं सांडलंच. माझ्या वडिलांनी माझ्या बुटांना चिखल लागू नये म्हणून गोणी अंथरली होती, आणि आम्ही शिकलेल्या, मिळवत्या पोरांनी त्यांना इथं आणून बसवलं होतं. त्या वेळी मला जी किळस आली ती लघवीची नव्हती.

भावाचा चेहरा उतरला होता. "अप्पा, मी जातो. अंबील मी शिंपडतो," तो म्हणाला.

"तू गाडीपाशी ऱ्हा. गाडी तुजी हाय." मग अप्पा माझ्याकडं वळले. "तू जा."

"मी?" आमच्याकडं बाई अंबील शिंपडत नाही.

"कामून? डिग्री लागती का त्याला?"

शेजारी हसला. मला हसू आलं नाही. अप्पा सीटमधून पुढं वाकून आमच्या रानाकडं बघत होते. ओढ्यापलीकडं कोपीचं टोक दिसत होतं, मायनं लावलेल्या उदाचा धूर दिसत होता.

"उंच केलास म्हनून दिसायलं तरी," ते भावाला म्हणाले. टोमणा होता की खरंच म्हणाले, मला आजही ठरवता येत नाही.

मी चपला काढल्या, मडकं घेतलं आणि निघाले. ओढा उतरले, चढले. पायाला माती चिकटून पाय जड झाले. कोपीपाशी मायनं मला एकटीला बघितलं, माझ्यामागं वाटेकडं बघितलं, आणि शिंपडायला ज्वारीचा धांडा माझ्या हातात दिला. मी तो अंबिलीत बुडवून हरभऱ्याच्या कडेनं शिंपडत गेले. लांबून अप्पांचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. लकव्यानं ते तसेही जवळूनच कळायचे. फोनवाला परत जीपपाशी जाऊन उभा राहिला होता. अप्पांचा फक्त डावा हात वर दिसत होता. मी डावीकडं वळले की तो डावीकडं जायचा, कोपऱ्यावर मी थांबले की थांबायचा. शेवटचा कोपरा झाल्यावर मी जीपकडं पाहिलं. हात अजून वर होता.

माय त्यांच्यासाठी ताट घेऊन बांधाबांधानं गेली आणि त्यांना जीपमध्येच भरवलं. भज्जीत चिखल पडू नये म्हणून तिनं ताटावर पदर धरला होता. संध्याकाळी कारखान्याहून परतलेल्या ट्रॅक्टरनं जीप मागं ओढून काढली. तोवर दोस्त जेवून गेले होते. भज्जी फार आवडली म्हणाले.

पुढं रजा संपली आणि मी आळंदला परतले. एक दिवस मधल्या सुट्टीत एका सहकारी बाईंनी फोन दाखवला. "काचेवर तुमचंच आडनाव आहे. हे तुमचे वडीलच ना? किती आनंदात आहेत हो. या वयातही केवढी हौस."

त्या दोस्तानं व्हिडिओ टाकला होता. गाणं लावलेलं, चिखल हळूहळू उडताना दाखवलेला, आणि मधे अप्पा, पट्ट्यांत आवळलेले, चिखलानं माखलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. ज्याला लकवा ठाऊक नाही त्याला ते हसताहेत असं वाटावं. खाली लोकांनी हात जोडले होते, बदाम पाठवले होते, असा बाप सगळ्यांना मिळो असं लिहिलं होतं. मी फोन परत दिला आणि वर्गावर गेले. त्या तासाला काय शिकवलं ते मला आठवत नाही. 

सुट्टीत घरी गेल्यावर मी भावाला म्हणाले, ते काढायला सांग. त्यानं मान खाली घालून होकार दिला. जीप तेव्हा गोठ्यामागं ताडपत्रीखाली उभी होती, आणि चाकांवरचा चिखल वाळून तडकला होता. अप्पा पडवीत निळ्या ठिगळाच्या बाकावर बसले होते. त्यांनी ऐकलं.

"काय काढायलाव? मला दावा आधी."

भावानं नाइलाजानं फोन त्यांच्यासमोर धरला. मी उठून आत जाणार होते. अप्पांनी आधी स्वतःचा चेहरा बघितला. मग एकदम म्हणाले, "थांबीव. थांबीव तिथं."

चित्र थांबलं. त्यांच्या स्वतःच्या खांद्यामागं, अगदी कडेला, हरभऱ्याचा हिरवा पट्टा दिसत होता, कोपीचं टोक दिसत होतं, आणि पट्ट्याच्या कडेनं एक लहान माणूस चाललेला दिसत होता. मी होते.

अप्पांनी डाव्या हाताचं बोट काचेवर ठेवलं. "ह्यो कोपरा," ते मला म्हणाले, "ह्यो सोडलीस तू. मी हात करून सांगायलो होतो, वराडायलो होतो. तिकडं अंबील पडली न्हाई."

"ऐकू आलं न्हाई, अप्पा."

"म्हनून तर म्हनलं होतं, मला न्या."

भावानं फोन बंद केला.